पेंढ्याचं रेडकू

माझ्या बायकोच्या मामांइतका भुलवण्याचा सखोल अभ्यास सगळ्या कोल्हापूर जिल्ह्यात कुणी केला नसेल. आजऱ्याकडच्या खेड्यात त्यांनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि एक म्हैस पाळली. यातलं मुख्य काम कुठलं, हे अखेरपर्यंत ठरलं नाही. इंग्रजीत प्रत्येक तऱ्हेला वेगळा शब्द असताना मराठीत आपण सगळ्यालाच भुलवणं म्हणतो याचं त्यांना मनापासून दुःख होई. पंगतीत कुणी जिलबीचा आग्रह केला, की ते पानावर हात आडवा धरून म्हणत, "थांबा. जिलबी नुसती दिसतीया तवर टेम्प्ट. तुम्ही ती नाकाखाली हलवताय, हे एन्टाइस." तोवर वाढपी पुढे गेलेला असे आणि मामा त्याच्या पाठीकडे केविलवाणे बघत राहत. अवघड शब्द आला की ते सगळा वर्ग गोठ्यात नेत. आंबोण पुढं ठेवून, पाठीवर थापटत म्हैस पान्हवली, की ते 'कोक्स'. "ह्यात तिचं बी भलं हाय." एका वर्षी रेडकू मेलं, तेव्हा त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढं उभं केलं. ती ते चाटायची आणि दूध द्यायची. "हे ल्युअर. ह्यात भलं फक्त धार काढणाऱ्याचं."

मामी गेल्या आणि मामा एकटे पडले. मी तेव्हा कागलच्या एमआयडीसीत सुपरवायझर होतो. मुलगी नववीत, इंग्रजीत कच्ची. मामांची काळजी होती, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर मला घरबसल्या मास्तर हवा होता. मी गावी जाऊन म्हणालो, "मामा, कोल्हापूरला चला. आमच्या गल्लीतली वीस पोरं तुमच्या क्लाससाठी खोळंबलीत." एकही खोळंबलं नव्हतं. मी क्लासचा बोर्डसुद्धा रंगवून नेला होता. मामांनी अक्षरांवरून बोट फिरवलं, धोतराला पुसलं, आणि आठवड्यात म्हैस विकली.

क्लासला माझी मुलगी तेवढी आली. रोज संध्याकाळी मामा इस्त्रीचा शर्ट घालून वीस पोरांची सतरंजी अंथरत आणि कोपऱ्यात बसलेल्या तिला, मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात शिकवत. दहावीला ती इंग्रजीत शाळेत पहिली आली. पेढा घेऊन मी मामांकडे गेलो. मी सगळं कबूल केलं आणि विचारलं, "मामा, मी तुम्हाला आणलं त्याला कुठला शब्द? ल्युअरच ना?"

त्यांनी सतरंजीची घडी घातली.

"जावईबापू, बोर्डाचा रंग ओला हुता. बोटाला लागला की. वीस पोरं खोळंबली असती, तर बोर्ड कधीच वाळला असता."

"मग आलात कशाला?"

"म्हशीला पेंढ्याचा वास येत नव्हता व्हय? पण चाटायला कोणतरी लागतंयच की."

शब्द त्यांनी सांगितला नाही. मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. बोर्ड मी काढलेला नाही. अलीकडे अधूनमधून कुणी पालक क्लासची चौकशी करत येतात, तेव्हा सर बाहेर गेलेत एवढंच सांगतो आणि दार लावून घेतो.