पन्नासाव्याचा ठसा

ढग दाटले होते, पण वाऱ्याची झुळूक नव्हती. चॅम्पियनबाईंनी रोजच्यासारखं सहालाच टेनिसच्या मातीच्या कोर्टावर पाणी मारलं आणि नऊला तिथंच अंतिम सामन्याला उभ्या राहिल्या. वय सत्तेचाळीस, विजेतेपदं एकोणपन्नास. पन्नासावं तीन वर्षं हुलकावणी देत होतं.

आता एकच गुण हवा होता. पंच नसल्यामुळे आपल्या बाजूला पडलेल्या चेंडूचा निवाडा आपणच करायचा. समोरच्या पोरीचा फटका रेषेपाशी पडला आणि बाई ओरडल्या, “आउट!” जिंकल्याच होत्या. पण जुन्या खोडीनं त्या वाकल्या. मातीतला ठसा रेषेला टेकलेला होता.

“आत आहे,” त्या कशाबशा म्हणाल्या. चुकीचं ‘आउट’ दिल्यामुळे नियमानं तो गुण पोरीला गेला. मग बाईंचे फटके जाळीत जाऊ लागले आणि सामनाही गेला.

कुंपणापलीकडून सामना बघणारी बाईंची धाकटी जाऊ करवादली, “ताई, पायानं पुसायचा ना तो ठसा! कुणाच्या बापाला कळलं असतं?”

“मला कळलं ना! माझीच मेली नजर वैरीण.”

“आणि पन्नासावं?”

“घाल चुलीत! पुढच्या वर्षी हे गुडघे उभं तरी राहू देतात का बघ.”

रॅकेट बाकावर आपटून बाई दुपारच्या शिकवणीसाठी विखुरलेले चेंडू टोपलीत भरू लागल्या.