हुंदक्याचं चिन्ह

किन्हीराजा गावच्या शाळेतले जगदेव मास्तर गाण्यात बेताचेच होते. आवाज घोगरा, पेटीवर बोटं जड. पण ऐकलेलं गाणं कागदावर उतरवण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. पुण्याहून त्यांच्याकडे एक संगीताचं मासिक यायचं. त्यात सा रे ग म अशा अक्षरांत गाणी छापलेली असत. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, वरच्या सप्तकातल्या स्वराच्या डोक्यावर टिंब. गावात भजन सुरू झालं की लोक टाळ घेत आणि मास्तर पेन्सिल. त्यांची बायको मनकर्णाबाई म्हणायची, "देव समोर आला तं बाकीचे पाया पडतीन, तुमी त्याले लिहून घ्यान."

सन पस्तीसच्या सुमारास मासिकानं जाहीर केलं की ही लेखनपद्धती आता पक्की करायची आहे, कमी असलेली चिन्हं वाचकांनी सुचवावीत. मास्तरांना एक उणीव केव्हाच सापडली होती. गावाशेजारच्या तांड्यात बंजाऱ्यांची नवरी सासरी निघाली की घरच्या एकेकाच्या गळ्यात पडून रडते, आणि ते रडणं गाण्यातलं असतं. त्याला ढावलो म्हणतात. म्हाताऱ्या बाया पोरींना तो आधीपासून शिकवतात. त्यात सूर मध्येच मोडतो आणि मोडलेलाच पुढे जातो. ते दाखवायला पद्धतीत काही नव्हतं. मास्तरांनी स्वराच्या डोक्यावर विळ्यासारखी एक खूण काढली, खाली 'हुंदका' असं लिहिलं आणि टपालात टाकलं.

महिन्यानं उत्तर आलं. 'हुंदका हा स्वर नसून स्वरभंग होय. तथापि या चिन्हासाठी छपाईचा नवा खिळा ओतवण्याइतकी निकड वाटत असल्यास ढावलोचा संपूर्ण नमुना एप्रिलअखेर पाठवावा. अपुरा नमुना विचारात घेतला जाणार नाही.'

स्वरभंग म्हणे! वीस वर्षं फळ्यावर दुसऱ्यांनी ठरवलेली अक्षरं गिरवलेल्या माणसाला आपली एक खूण छापून यावी असं वाटलं, तर त्यात मला तरी काही गैर दिसत नाही.

तांड्यातल्या हिरीबाईनं त्यांना आईचा, भावाचा, मैत्रिणीचा ढावलो म्हणून दाखवला होता. दोन वर्षं ते हिरीबाईचा मुलगा हरिसिंग याच्या दारात बाजेवर बसून लिहीत होते. हरिसिंगची पोरगी जमना त्यांना पाणी आणून द्यायची, कागद वाऱ्यानं उडाले की धावून गोळा करायची. राहिला होता फक्त बापाच्या गळ्यातला ढावलो. तो सगळ्यांत शेवटी येतो, आणि तो म्हणून दाखवायला हिरीबाई काही केल्या तयार होईना.

"काहून पण?" मास्तरांनी विचारलं.

"काहून म्हंजे? बापाचं ते पोरगी निघते तेवाच म्हनते. रिकामं रडनं घरात आनू नये. जमनीचं लगन हाय ना चैतात, तेवा आयक आन् लिही तुले लिहाचं ते."

लग्न एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात होतं. मास्तर चार पेन्सिली तासून गेले. "लोक गानं शिकतात, आमचे हे रडनं शिकून राह्यले," मनकर्णाबाई शेजारणीला म्हणाली. त्या नवराबायकोला मूलबाळ नव्हतं. गावानं त्यावर बोलून बोलून आता बोलणंही सोडून दिलं होतं.

नीट ऐकू यावं म्हणून मास्तर हरिसिंगला अगदी खेटून उभे राहिले. जमना आईच्या गळ्यात पडली, आजीच्या, भावाच्या. मास्तर आधीच्या कागदांशी ताडून पाहत होते. खुणा बरोबर जागी पडत होत्या. मग भावाला सोडून ती बापाकडे वळली. मास्तरांनी कोरा कागद वर घेतला.

ती बापाच्या आधी मास्तरांच्या गळ्यात पडली.

मास्तरांनी सगळं मोजलं होतं, पण आपण त्या घरच्यांत मोजले गेलो आहोत हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं ढावलोतच त्यांना हाक घालून म्हटलं, मास्तरकाका, आता तुमचे कागद कोण गोळा करील. कागदाखाली धरलेला पुठ्ठा हातातून पडला. त्यांनी तिला धरलं आणि चारचौघांत, शाळेच्या पोरांसमोर, मोठ्यानं रडले. ती कधी सुटून हरिसिंगकडे गेली, तिथे काय म्हणाली, सूर कितीदा मोडला, यातलं त्यांना काही ऐकू आलं नाही. भानावर आले तेव्हा लोक तिला सासरी न्यायला बैलावर चढवत होते.

महिनाअखेरीपर्यंत तांड्यात दुसरं लग्न नव्हतं. हिरीबाई म्हणाली, "आता सांगतो म्या, लिही." म्हातारी आपला नियम मोडायला निघाली होती. मास्तर नको म्हणाले. शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी त्यांनी पुण्याला कार्ड टाकलं.

'संपूर्ण नमुना पाठवता येत नाही. प्रसंगी मी स्वतः हजर होतो, परंतु हात मोकळे नव्हते.'