सत्काराचे बूट

दिवाणाची प्लायवूडची फळी हॉलच्या मधोमध टाकून मी तिच्यावर उभा होतो. पायांत बूट होते आणि बुटांखाली क्रॅम्पॉन. बर्फावर पाय घसरू नये म्हणून तळाला बांधायची ही पोलादी, दातेरी चौकट. फरशी नवी होती. दात टाइलवर टेकले तर चरा पडेल, म्हणून फळीवरून खाली पाय टाकायचा नाही असं बायकोने बजावलं होतं. हातांत लोकरीचे हातमोजे होते, कारण पट्टे हातमोजे घालूनच बांधायचा सराव करा, अशी प्रशिक्षकांची सूचना होती. मे महिना होता. कूलरची हवा फळीपर्यंत येत नव्हती.

हिमालयातल्या एका गिर्यारोहण शिबिराला जायचं माझं बरीच वर्षं ठरत होतं आणि रजेअभावी मोडत होतं. या उन्हाळ्यात वर्तमानपत्राच्या कचेरीने रजा मंजूर केली. बायकोने ही बातमी खालच्या मजल्यावर सांगितली आणि पुढच्या रविवारी आमच्या प्रतापनगरच्या सोसायटीने माझा सत्कार केला. मी अजून कुठेही गेलो नव्हतो. तरी शाल होती, नारळ होता, फाटकावर फ्लेक्स होता. फ्लेक्सवर माझ्या पासपोर्ट फोटोच्या मागे कुठलंसं हिमशिखर जोडलेलं होतं. आणि सगळ्यांच्या वतीने भेट म्हणून हे बूट होते. सोसायटीचे अध्यक्ष वीज खात्यातून निवृत्त झालेले, गुडघ्याने अधू. ते भर उन्हात बर्डीच्या बाजारात जाऊन स्वतः बूट निवडून आले होते. भाषणात ते म्हणाले, "भाऊ वर जातीन, पण पाय आपल्या सोसायटीचे असतीन." टाळ्या झाल्या.

क्रॅम्पॉन शिबिराच्या प्रशिक्षकांनी कुरियरने पाठवली होती. घरीच बुटांना जुळवा आणि व्हिडिओ पाठवा. नीट बसली नाहीत तर शिखराच्या चढाईत घेणार नाही, खालच्या तळावर थांबावं लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

चौकटीचे दोन भाग असतात, चवड्याचा आणि टाचेचा. मधे भोकं असलेली पट्टी. खिट्टी दाबायची, पट्टी सरकवायची, हव्या भोकाशी सोडायची. पुढचे दात बुटाच्या नाकाबाहेर बोटाच्या पेराइतके यायला हवेत. मग पट्टे न बांधताच बूट उचलायचा. चौकट नुसत्या पकडीने लटकून राहिली पाहिजे. माझी खाली पडली. एक भोक आत घेतलं तर टाच बसेना, एक बाहेर सोडलं तर पुन्हा पडे. पट्टे आवळून चवड्यावर उभा राहिलो तर बूट मधोमध वाकला, पोलाद वाकलं नाही आणि टाच बाहेर आली. हे चालायचे बूट होते, मऊ तळाचे. बर्फात चढायच्या बुटाचा तळ ताठ लागतो.

"मग सांगून द्या न त्यांले," बायको म्हणाली.

"काय सांगू? फ्लेक्स अजून फाटकावर आहे."

तेवढ्यात बेल वाजली. अध्यक्षच होते.

"अरे बाप्पा! घरातच हिमालय चढून राहिले का? उतरा न, बसा."

"उतरता येत नाही त्यांले," बायको म्हणाली. "टाइल खराब होईन."

अध्यक्ष सोफ्यावर बसले. मी फळीवर उभाच राहिलो. त्यांनी चालून दाखवायला सांगितलं. मी चवड्यावर जोर दिला आणि टाच निसटली. पोलाद फळीवर आपटलं.

"हे लोखंडच तिरपं आहे," अध्यक्ष म्हणाले.

"बूट जरा मऊ..."

"बुटाले काय झालं? दुकानभर घालून फिरलो मी. पाण्याची गॅरंटी आहे त्याले. थांबा."

ते खाली गेले आणि स्कूटरच्या डिकीतून ट्यूबची लांब पट्टी घेऊन आले. सिलिंडर कॅरियरला बांधायची ती पट्टी. दुखरा गुडघा फळीवर टेकून त्यांनी ती माझ्या बुटाभोवती, क्रॅम्पॉनखालून, पुन्हा घोट्यावरून आवळली. पाय बधिर व्हायला लागला. मग माझाच फोन घेऊन त्यांनी व्हिडिओ काढला. "हलवा पाय. अजून. पाहा सर, हलूनच नाही राहिलं!" आणि पाठवूनही दिला.

थोड्या वेळाने प्रशिक्षकांचा फोन आला. अध्यक्षांनी स्पीकर लावला.

"पायाला ते काळं काय गुंडाळलंय?"

"ट्यूब. स्कूटरची. ओरिजिनल."

"आपण कोण?"

"सोसायटीचा अध्यक्ष."

"ती सोडा. थंडीत रबर कडक होतं, तुटतं. चढावर क्रॅम्पॉन निघालं तर माणूस जातो. या बुटांवर मी त्यांना वर नेणार नाही."

"पण बुटात खराबी काय आहे?"

"काहीच नाही. चांगले बूट आहेत, चालायचे. चढायचे बूट तळावर भाड्याने मिळतात. क्रॅम्पॉन मी स्वतः बसवून देईन."

फोन बंद झाला. माझं जाणं आता नक्की होतं. अध्यक्ष बुटांकडे बघत बसले.

"म्हणजे हे इथेच राहतीन? लोक इचारतीन न मले."

बायकोने पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"माणूस जाते म्हणतात तर भाड्याचेच घाला," ते उठत म्हणाले. दाराशी वळले. "पण हे वर गेले पाहिजे भाऊ. कसेही न्या. फोटो पाहिजे."

मी हो म्हटलं. ते गेल्यावरही मला फळीवरून उतरता येईना. गाठ सुटत नव्हती. शेवटी बायकोने ट्यूब कात्रीने कापली.

तळावर भाड्याचे ताठ बूट मिळाले. क्रॅम्पॉन पहिल्याच भोकात बसलं. सोसायटीचे बूट मी सॅकला बाहेरून बांधले. चढाईआधी सॅक उचलून पाहताना प्रशिक्षक थांबले.

"अध्यक्ष?"

"हो."

त्यांनी ते सुटू नयेत म्हणून नाडीला आणखी एक गाठ मारली. चढभर ते बूट प्रत्येक पावलाला पाठीवर आपटत होते. शिखरावर मी ते नाडीने गळ्यात अडकवले आणि एका सोबत्याने फोटो काढला.

फाटकावर आता तो फोटो आहे. अध्यक्षांनी तो कमरेखाली कापून घेतला आहे, त्यामुळे पायात काय होतं ते दिसत नाही. गळ्यातले बूट स्वच्छ दिसतात. मागच्या आठवड्यात काटोलहून आलेल्या कुणाच्या तरी पाहुण्याने माझ्यासमोरच विचारलं, "बूट गळ्यात काहून?"

"वर तसेच नेतात," अध्यक्ष म्हणाले. "पाहा, यांलेच इचारा."

पाहुणा माझ्याकडे बघत होता. मी होकारार्थी मान हलवली.