अर्ध्यावर सोडलेला फॉर्म

त्या आजीची केस अजून डोक्यातून जात नाही. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. मोठमोठे गुन्हे विसरलो, पण ही केस बसू देत नाही. दुपारी आडवा झालो की उठून फेऱ्या मारतो. माझं शिक्षण सातवी, जामबागेतल्या मराठी शाळेत, तेही रडतखडत. शिपाई म्हणून लागलो, एएसआय म्हणजे सहायक फौजदार होऊन उतरलो, कुणाच्या चिठ्ठीवर नाही. लिखाणात चुका निघतील, त्या निघू द्या.

आमच्या ठाण्याच्या हद्दीत, हिमायतनगरात, पुण्याचं एक कुटुंब होतं. नवरा-बायको दोघं कॉम्प्युटरच्या नोकरीत. घरात नवऱ्याची आई, पंचाहत्तरीची, विसरण्याचा आजार जडलेली. तिला सांभाळायला, घरकामाला माणसं पुरवणाऱ्या एका ब्युरोकडून बाई ठेवली होती. बाईला कामावर येऊन चारच दिवस झाले होते. सकाळी ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली, खाली आली तर दार उघडं आणि आजी गायब.

दुपारी मुलगा ठाण्यात आला. 'मिसिंग'ची नोंद घेतली.

"सर, आईला शुगर आहे. रोज इन्शुलिन लागतं," तो म्हणाला. "हातात सोन्याच्या पाटल्या आहेत. त्या बाईनंच कुणाच्या तरी हवाली केलंय. तिच्यावर गुन्हा घ्या."

महिला कॉन्स्टेबल शेजारी बसवून मी बाईची चौकशी केली. तेच तेच चार वेळा विचारलं.

"साहेब, मला पळवायचीच असती तर मी घरात थांबले असते का?" ती म्हणाली.

"हुशार चोर थांबतातच," मी म्हणालो.

माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा माणूस वेळ अगदी घड्याळ लावल्यासारखी सांगतो. ही बाई वेळ सांगताना गडबडत होती. म्हणजे खरं बोलत असावी. पण मी माझा हेका सोडला नाही. एसआय साहेबांनी सांगितलं, उद्या संध्याकाळपर्यंत आजी मिळाली नाही तर अपहरणाचा गुन्हा दाखल करा. गुन्ह्यात एकदा नाव आलं की त्या बाईला पुन्हा कुठल्या घरानं उंबरा ओलांडू दिला असता?

दुसऱ्या दिवशी दुपारी खबर मिळाली. बिल्डिंगच्या वॉचमनची बायको म्हणाली, आजीच्या गळ्यात ब्युरोनं ओळखीसाठी घातलेलं कार्ड होतं. तसलंच कार्ड ब्युरोच्या मालकाकडून मागवून घेतलं. त्यावर फोन नंबरच नव्हता, नुसतं वेबसाइटचं नाव.

"नंबर काढून टाकला, साहेब," मालक म्हणाला. "फोनवर लोक नुसत्या गप्पा मारतात. वेबसाइटवर आला की गिऱ्हाईक होतो. दोन आठवड्यांपूर्वीच नवीन पान बनवून घेतलंय."

म्हणजे आजी कुणाला सापडली असेल, तर तो माणूस त्या पानावरच जाणार. पान बनवणाऱ्या पोट्ट्याला उचलून आणला. वय पंचविशीचं. आल्यापासून मोबाइल पँटीला पुसत होता. हा काहीतरी लपवतोय, हे मी तिथंच ओळखलं. वाटलं, बाईचा साथीदार सापडला.

"तुझं काम काय?" मी विचारलं.

"साब, आदमी पेज पे आता, देखता, भाग जाता. उसको रोकने का, कस्टमर बनाने का. येइच काम है."

मग त्यानं समजावून सांगितलं. पूर्वी त्या पानावर अकरा प्रश्न होते. लोक वैतागून निघून जायचे. यानं चारच ठेवले: नाव, मोबाइल, ईमेल, कोणती सेवा पाहिजे. त्याला ईमेलही काढायचा होता, पण मालक अडून बसला. ईमेल नाही ते कसलं गिऱ्हाईक, म्हणाला.

"मैं बोला उनको, लोगां ईमेल तक आते, वहींच से पलट जाते. सुनतेइच नै."

"कुठून परत जातात हे तुला कसं कळतं?"

पोट्टा पुन्हा मोबाइल पुसायला लागला. माणूस गुन्ह्याच्या प्रश्नाला अडखळत नाही, त्याच्या शेजारच्या प्रश्नाला अडखळतो. मी खुर्ची पुढं ओढली. तोच प्रश्न पुन्हा विचारला. शेवटी तो बोलला. फॉर्म पाठवला नाही तरी त्यात जे लिहिलं ते याच्याकडं जमा होत होतं. मालकाला पुरावा दाखवायला यानं तशी सोय केली होती, लोकांना न विचारता. त्याला वाटलं, मी त्याला त्यासाठीच धरलंय.

"सबीच करते साब," तो पुटपुटला.

"ते नंतर बघतो. कालची यादी काढ."

अर्धवट फॉर्मांच्या त्या यादीत एकच मजकूर तीनदा होता, काल संध्याकाळचा. नावाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'आजी आमच्याकडं हाय गौलीगुडा बसस्टँडमागं इस्त्रीचं दुकान'. खाली मोबाइल नंबर. ईमेल रिकामा, म्हणून फॉर्म पुढं गेलाच नव्हता.

मी नंबर लावला. एक बाई बोलली.

"हौ, हाय ना इथंच. सकाळी चांगली बोलत होती. दुपारपासून नुसती पडून हाय, हाक मारली तर डोळे उघडंना. लवकर या."

जीपमध्ये मुलगा, ब्युरोची बाई आणि मी. मुलगा सारखा ड्रायव्हरला घाई करत होता. आजी दुकानात चादरींच्या गठ्ठ्यावर निजलेली होती. पाटल्या हातात जशाच्या तशा. मला पुण्याला जायचंय म्हणून तिनं रिक्षावाल्याला सांगितलं होतं, त्यानं बसस्टँडला सोडलं. त्या सगळ्यात हिमायतनगर एवढं एकच नाव तिला आठवत होतं. मुलानं तिला उचललं आणि जीपकडं पळाला.

इस्त्रीवाली माझ्याकडं निरखून बघत होती.

"तुमीच ना ते साहेब? मी आल्ते आज सकाळी धा वाजता तुमच्या ठाण्यात, आजी नुसतं हिमायतनगर म्हनत व्हती म्हून."

मला आठवेना.

"तुमी माझं नाव इचारलं, नवऱ्याचं नाव इचारलं, आधार मागितलं. आधार घरी व्हतं."

"मग आजीचं का नाही सांगितलं?"

"तेच तर सांगाया आल्ते. तुमी म्हन्ले, आधी नाव-पत्ता, आधार, मग बोल. म्हन्लं, दुकान बंद करून आधार घिऊन येते."

ब्युरोची बाई जीपच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग आजीचे पाय उचलून सीटवर नीट ठेवले.

आजी चार दिवस दवाखान्यात होती. वाचली. बाईवर गुन्हा झाला नाही. मालकानं पानावर नंबर टाकला. पोट्ट्याला एसआय साहेबांनी तंबी दिली आणि त्याच्याकडून लिहून घेतलं, की यापुढं लोकांना सांगितल्याशिवाय असलं काही जमा करणार नाही.

आधी नाव-पत्ता, मग तक्रार, हा माझ्या टेबलाचा कायदा होता. थापाड्या माणूस त्यातच गळतो, असं मी नव्या शिपायांना शिकवायचो. थापाडे किती गळाले माहीत नाही. माणूस कुठल्या प्रश्नाला पाठ फिरवतो हे त्या पोट्ट्याला दोन आठवड्यांत कळलं होतं, मला सगळ्या नोकरीत कळलं नाही. त्याच्याकडं परत गेलेल्यांची यादी तरी होती. ठाण्याच्या दारातून परत गेलेल्यांची यादी कुठल्या रजिस्टरात बघायची?

नंतरच्या नोकरीत मी आधी ऐकायला लागलो. ब्युरोच्या त्या बाईची माफी मागायला दोनदा निघालो, दोन्ही वेळा अर्ध्या वाटेतून परत आलो. जीभ वळत नव्हती, खोटं कशाला सांगू.

केस डायरीत मी लिहिलं, 'तांत्रिक माहितीच्या आधारे शोध लागला.' ते खोटं नाही. पण आजी सकाळी दहालाच मिळाली असती, मिळाली संध्याकाळी पाचला. मधले सात तास डायरीत कुणाच्याच नावावर नाहीत. ते माझे आहेत.