अण्णांची अँटेना आणि माझं जर्मन

माझे सासरे जर्मनीत आले आणि बाराव्या दिवशी बोलायचे बंद झाले.

भांडण वगैरे काही नव्हतं. अण्णांचं कुणाशी भांडण होतच नाही, कारण त्याला लागतात तेवढे शब्द ते खर्च करत नाहीत. पण "चहा छान झालाय" किंवा "इथली कबुतरं जाडी आहेत" एवढं तरी ते रोज म्हणायचे. तेही थांबलं. सासूबाईंना जाऊन आठ महिने झाले होते. सांगलीच्या घरात ते एकटे पडतात म्हणून मृदुलाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यांना तीन महिन्यांसाठी इकडे आणलं. तर इकडे ते आमच्या घरात एकटे पडले. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात. (वाल्डॉर्फजवळच्या आमच्या गावात दुपारी रस्त्यावर माणूस दिसलाच, तर तो वाट चुकलेला असतो.) त्या बाराव्या दिवशी जेवण झाल्यावर अण्णा एकच वाक्य बोलले.

"प्रसादराव, तिकीट अलीकडचं मिळेल का?"

मृदुला स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला लागली. शेजारी डिशवॉशर रिकामा होता.

"असे परत गेले ना, तर तिथेही कुणाशी बोलणार नाहीत," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आई होती तेव्हा दोघांच्या वाटचं तीच बोलायची. तू काहीतरी कर."

मी काहीतरी केलं. पुढे जे घडलं ते सगळं त्यामुळेच.

अण्णांची सगळी नोकरी पोलिसांच्या बिनतारी विभागात गेली. समोर माणूस असला की त्यांची जीभ टाळ्याला चिकटते, मध्ये माइक आला की सुटते. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा ते माझ्याशी फोनवर पाऊण तास बोलले होते आणि मी घरी गेल्यावर "बसा" एवढंच म्हणाले होते. म्हणून आता मी ठरवलं की घरात एक सीबी रेडिओ आणायचा. सीबी म्हणजे ट्रकवाल्यांचा आणि हौशी लोकांचा छोटा वायरलेस. दहा-पंधरा किलोमीटरच्या टप्प्यात जो कोणी त्याच चॅनेलवर असेल त्याच्याशी गप्पा मारायच्या. इथे त्याला परवानाही लागत नाही. लागते ती फक्त अँटेना, आणि बाल्कनीत अँटेना लावायला आमच्या घरमालकीणबाई नाही म्हणाल्या. (त्या बाल्कनीत ओला टॉवेल वाळत घालायलाही नाही म्हणतात.) मग उरली गाडी.

रेडिओ कुठला घ्यायचा यासाठी मी तीन संध्याकाळी खपून एक एक्सेल शीट केली. सात मॉडेलं, अकरा रकाने. अण्णांनी ती चष्मा वर करून पाहिली, चष्मा खाली करून पाहिली आणि एका फोटोवर बोट ठेवलं.

"याला गोल बटण आहे. हाच घ्या."

अँटेना मात्र मी माझ्या अकलेने मागवली. बुडाला लोहचुंबक असलेली, टपावर नुसती ठेवायची. भोक नाही, स्क्रू नाही. गाडी कंपनीने दिलेली असल्यामुळे तिला भोक पाडणं म्हणजे नोकरीलाच भोक पाडण्यासारखं होतं. शनिवारी सकाळी मी ती मोठ्या रुबाबात टपावर ठेवली. ती घरंगळून गेटजवळच्या गुलाबात जाऊन पडली. आमच्या गाडीचा टप काचेचा आहे. दोन वर्षं मी त्यातून आभाळ बघतोय, पण हे त्या क्षणी आठवलं नाही!

अण्णा आत गेले आणि फ्रिजवरचा हायडेलबर्गच्या किल्ल्याचा चुंबक घेऊन आले. डॉक्टर छाती तपासतो तसा तो त्यांनी गाडीला जागोजाग लावून पाहिला. बॉनेट ॲल्युमिनियमचं. मागचं दार प्लॅस्टिकचं. किल्ला कुठेच टिकेना.

"प्रसादराव," ते शेवटी म्हणाले, "ही गाडी आहे की लोणच्याची बरणी?"

बाराव्या दिवसानंतरचं त्यांचं हे पहिलं लांब वाक्य होतं. वरच्या खिडकीत उभी असलेली मृदुला ते ऐकून हसली आणि लगेच आत गेली. डोळे पुसायला गेली असावी. मी दुसरी अँटेना मागवली, बॉनेटच्या कडेला पकडीने आवळायची. ती बसवल्यावर रेडिओची लाल आणि काळी वायर बॅटरीला जोडायचं काम मी हट्टाने स्वतःकडे घेतलं. इंजिनिअर आहे मी! 'टप्' असा छोटासा आवाज झाला.

"लाल अधिक, काळी उणे," अण्णा शांतपणे म्हणाले. "फ्यूज होता म्हणून रेडिओ वाचला. तुमच्या कॉलेजात हे शिकवत नाहीत का?"

"मी सॉफ्टवेअरचा आहे, अण्णा."

"मग बाजूला व्हा."

पुढचं सगळं त्यांनी केलं. वायर रबराच्या कडेतून आत घेतली, मीटर लावून अँटेनाची लांबी केसाकेसाने जुळवली, आणि संध्याकाळी चार वाजता माकडटोपी घालून ते ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसले. गाडी घरासमोर उभी. माइक ओठांशी.

"हॅलो, हॅलो, सांगली वन कॉलिंग. एनी स्टेशन, कम इन. ओव्हर."

खरखर झाली. मग एक जाडाभरडा म्हातारा आवाज आला, "हॅलो, सांगली वन! हिअर क्रेमर!"

अण्णांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

हेर क्रेमर (जर्मनमध्ये 'हेर' म्हणजे श्रीयुत) समोरच्या टेकडीवरच्या गावात राहणारे, निवृत्त, एकटे. त्यांचं इंग्रजी अण्णांच्या इंग्रजीइतकंच, म्हणजे हवापाणी, सिग्नल आणि गुडघेदुखी एवढ्यापुरतं. दोघांना तेवढं पुरेसं होतं. मी ऑफिसातून साडेतीनलाच गाडी घेऊन परतायला लागलो, आणि रोज चारच्या ठोक्याला अण्णा गाडीत. एकदा बॅटरी उतरून मी ऑफिसला बसने गेलो, पण तक्रार केली नाही. कारण अण्णा आता जेवताना बोलायला लागले होते. "क्रेमरच्या बागेत आज साळिंदर आलं होतं." (ते साळिंदर नव्हतं, इथला छोटा हेजहॉग होता, पण कोण दुरुस्त करणार?) तिकिटाचा विषय निघाला नाही. मृदुला पुन्हा डिशवॉशर लावायला लागली.

माझ्याकडून घोटाळा झाला तो पहिल्याच आठवड्यात. मी घरूनच एका ऑनलाइन मीटिंगमध्ये होतो. अण्णा दारातून हळूच म्हणाले, "प्रसादराव, निरोप घेताना जर्मनमध्ये काय म्हणतात?"

"च्यूस," मी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणालो.

"ते नको. शिंकल्यासारखं वाटतं. आपलं 'येतो' असतं ना, त्याला काय म्हणतात?"

"येतो? इश कोमं."

"इश कोमं," असं घोकत अण्णा गेले. मी मीटिंगमध्ये परत शिरलो. जर्मनीत मला बारा वर्षं झालीत, भाषेचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर आहे, आणि जे मी सांगितलं ते शब्दकोशाप्रमाणे शंभर टक्के बरोबर होतं.

त्या दिवसापासून गप्पा संपल्या की अण्णा म्हणायचे, "ओके, हेर क्रेमर. इश कोमं. आउट." आणि पलीकडून खुशीचा आवाज यायचा, "या, या! गुट!"

"बघा," अण्णा मृदुलाला म्हणाले, "किती सभ्य माणूस! आपण 'येतो' म्हटलं की तो 'या, या' म्हणतो. अगदी आपल्यासारखी रीत."

जर्मनमध्ये 'या' म्हणजे 'हो', हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण अण्णा इतके खूश होते, की मिटलं.

तीन आठवडे हे चाललं. मग एका सोमवारी चार वाजता पलीकडून आवाज आला नाही. मंगळवारी नाही. बुधवारी अण्णा साडेपाचपर्यंत बसले. शुक्रवारपर्यंत जेवणातलं बोलणं पुन्हा आटलं. शनिवारी त्यांनी भाकरी अर्धी ठेवली.

"माणूस एकटा आहे," ते म्हणाले. "पडला-झडला असेल तर कुणाला कळणार? तिचंही तसंच झालं होतं. मी बाजारात गेलो होतो. घरातून फोन उचलला गेला नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं."

सासूबाईंबद्दल ते पहिल्यांदाच बोलत होते. मृदुलाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"पत्ता माहीत आहे?" मी विचारलं.

अण्णांनी वही आणली. खात्यातल्या सवयीने त्यांनी प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवली होती. वेळ, सिग्नल, मजकूर. पहिल्या आठवड्यात लिहिलं होतं, 'क्रेमर यांनी घराचा पत्ता दिला.' दुसऱ्या दिवशी, 'पत्ता पुन्हा दिला.' त्याच्या पुढच्या दिवशी, 'पत्ता पुन्हा दिला. चर्चच्या मागे, हिरवं फाटक. (स्मरणशक्ती कमी असावी.)' शेवटच्या रविवारी, 'केकबद्दल काहीतरी म्हणाले. समजले नाही.'

पत्ता, केक आणि माझं 'इश कोमं' यांचा संबंध माझ्या लक्षात आला. मी वही मिटून अण्णांना परत दिली.

रविवारी दुपारी आम्ही तिघं टेकडीवर गेलो. वाटेत अण्णा मागच्या सीटवर वही घट्ट धरून बसले होते. मृदुला पुढे बसून माइकवर "हॅलो, हेर क्रेमर" करत होती. उत्तर नव्हतं. चर्चच्या मागे हिरवं फाटक दिसलं. मी घंटा दाबली. आत काही हललं नाही. अण्णांनी डोळे मिटले.

दार उघडलं. सहा फुटी, पांढऱ्या मिशांचे, धडधाकट हेर क्रेमर उभे होते. त्यांनी अण्णांची माकडटोपी पाहिली आणि मग मनगटावरचं घड्याळ.

"सांगली वन," ते म्हणाले, आणि पुढे जर्मनमध्ये जे बोलले ते मला भाषांतर करून सांगावं लागलं. "हे म्हणतात की तुम्ही रोज म्हणायचात, मी येतोय. हे रोज दोन कप मांडून बसायचे. रविवारी प्लमचा केक आणायचे. तीन रविवार. शेवटी यांना वाटलं, हा माणूस आपली चेष्टा करतोय. म्हणून रेडिओ बंद केला."

अण्णांचा चेहरा पांढरा पडला. "पण मी तर निरोप घेत होतो! 'येतो' म्हणायचं मला..." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मृदुलानेही पाहिलं. हेर क्रेमरना काही कळलं नव्हतं, पण त्यांनीही पाहिलं.

"चूक माझी आहे," मी जर्मनमध्ये म्हणालो. "आमच्यात 'जातो' म्हणणं अशुभ समजतात. म्हणून जाताना माणूस 'येतो' म्हणतो."

"आणि येताना?"

"येताना पण 'येतो'च."

हेर क्रेमरनी बराच विचार केला. "मग तुमच्याकडे माणूस येतोय की जातोय हे कळतं कसं?"

"चपला बघायच्या," मी म्हणालो. "घालत असला तर जातोय. काढत असला तर येतोय."

त्यांची नजर हळूहळू खाली गेली. फाटकातून आत शिरल्या शिरल्या अण्णांनी सवयीने बूट काढून भिंतीशी नीट लावले होते, आणि गार फरशीवर ते नुसत्या मोज्यांत उभे होते. हेर क्रेमर त्या मोज्यांकडे बघत राहिले. मग त्यांच्या मिशा हलल्या आणि ते दारातून बाजूला झाले.

"या," ते म्हणाले. जर्मन की मराठी, विचारायची गरज नव्हती.

आत केक नव्हता, पण बिस्किटं होती आणि कपाटात ते दोन कप होते. भिंतीवर क्रेमरबाईंचा फोटो होता. अण्णा त्याच्यासमोर क्षणभर हात जोडून उभे राहिले. मग दोघं म्हातारे समोरासमोर बसले आणि गप्प झाले. एक मिनिट, पाच मिनिटं, दहा. मी हवामानावर दोन वाक्यं टाकून पाहिली, कुणी झेलली नाहीत. शेवटी अण्णा चुळबुळत उठले, बूट घालून बाहेर गेले आणि गाडीत जाऊन बसले. मृदुला घाबरून माझ्याकडे बघायला लागली. तेवढ्यात हेर क्रेमर खडखडत जिन्याने वरच्या खोलीत गेले, आणि वरून आवाज आला, "सांगली वन, सांगली वन, हिअर क्रेमर!"

मध्ये फाटक आणि वीस पावलांचं अंतर. तासभर दोघं मनसोक्त बोलले. गुडघे, साळिंदर, सिग्नल, आणि एकदा दोघांच्या बायका. आम्ही खाली बिस्किटं संपवली.

निघायची वेळ झाली म्हणून मी गाडीशी गेलो. अण्णांनी माइकवर हात ठेवून मला थांबवलं. "हे पुढच्या रविवारी बोलवतायत. तिकिटाचं आता बघू नका. बरं, 'नक्की येणार, अगदी खरोखर घरी येणार' याला जर्मनमध्ये काय म्हणतात?"

मी तोंड उघडलं. अण्णांनी हात वर केला.

"तुम्ही राहू द्या. मृदुलाला बोलवा."

मृदुलाचं जर्मन जेमतेम बेकरीत पाव मागण्याइतकं आहे. पण तिने पाव मागितला की तिला पावच मिळतो.