थोया मास्तरांची शिकवणी

थोया मास्तरांच्या हातचा मार मी दुसरीपासून खाल्ला आहे, तेव्हा त्यांच्याबद्दल मी गोड बोलावं अशी अपेक्षा कुणी धरू नये. आमच्या शाळेत गिरियामा ही आमची मातृभाषा बोलायला बंदी होती. बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात मास्तर लाकडी पाटी अडकवत. त्या पोरानं दिवसभर कान टवकारून दुसरा कुणी घरची भाषा बोलताना पकडायचा आणि पाटी त्याच्या गळ्यात घालायची. शाळा सुटताना ती ज्याच्याकडे, त्याला छड्या. मित्रांवर पाळत ठेवायला आम्ही तिथंच शिकलो.

तेच मास्तर पंच्याहत्तरीला गिरियामाची शिकवणी घेऊ लागले. आमची बोली शिकायला मार्टिन नावाचा एक जर्मन आला होता. काजूच्या झाडाखाली बाक टाकून मास्तर त्याला शब्दांची घराणी समजावत. माणसांचं एक घराणं, झाडांचं दुसरं, वस्तूंचं तिसरं. आणि ज्या घराण्याचा शब्द, त्याची खूण सोबतच्या शब्दांनीही लावायची. चांगला माणूस 'मुतू मुद्झो', चांगली माणसं 'अतू अद्झो', पण चांगली खुर्ची 'किही किद्झो'. मार्टिन खुर्चीला माणसांत बसवायचा.

"अरे, खुर्ची आहे ती, तुझी मेहुणी नाही. पुन्हा म्हण," मास्तर हसून सांगायचे.

मी माडीचा पेला घेऊन शेजारी बसायचो. आम्हाला या माणसानं असं हसून कधी काही शिकवलं नव्हतं, हे मला फार लागायचं.

डिसेंबरच्या सुट्टीत मास्तरांचा मुलगा चेंगो आठ वर्षांच्या न्येवूला घेऊन मोंबासाहून आला. न्येवू हे तिच्या आजीचं नाव. आजी दोन वर्षांपूर्वी गेली. आमच्यात आजीचं नाव लावणारी नात ही आजोबांची लटकी बायको; त्यानं तिला चिडवायचं आणि तिनं त्याला चारचौघांत म्हातारा म्हणून फटकारायचं. बायको गेल्यापासून मास्तर या फटकाऱ्याची वाट बघत होते.

"काय गं बायको, मोंबासात दुसरा नवरा केलास वाटतं?" ते गिरियामात म्हणाले.

पोर बापामागं लपली. "आजोबा रागावलेत का?" तिनं स्वाहिलीत विचारलं.

चेंगो गप्पच. शेवटी मार्टिननं तिला स्वाहिलीत सांगितलं, "नाही गं, गंमत करताहेत तुझी."

मास्तरांचा चेहरा पडला. आजोबा आणि नात यांच्यामध्ये दुभाष्या कोण, तर जर्मन.

"सुट्टीभर पोरीला माझ्यापाशी ठेव," ते चेंगोला म्हणाले. "महिन्याभरात बोलती करतो. घरात मला उत्तर देणारं कुणी उरलेलं नाही रे."

"नाही, बाबा."

"का पण?"

"मी सातवीत होतो. आई शाळेत माझं जेवण घेऊन आली. 'भूक लागली का?' म्हणाली, मी 'हो आई' म्हणालो. तेवढ्यावर तुम्ही गळ्यात पाटी घातलीत. मी ती कुणाला दिली नाही. संध्याकाळी सगळ्यांपुढं मला फोडून काढलंत."

"सगळ्या पोरांना नियम एकच होता."

"असेल. आईला दुसरी भाषा येत नव्हती. त्या दिवसापासून ती बोलायची आणि मी मान हलवायचो. शेवटच्या आजारात दवाखान्यात तिनं विचारलं, 'माझं काय चुकलं रे?' तेव्हाही मी मानच हलवली. तोंड उघडलंच नाही, बाबा. आता माझी पोर तुमच्याकडं शिकायला ठेवू?"

चेंगो चहासुद्धा न घेता पोरीला घेऊन गेला. मार्टिननं वही मिटली आणि तोही उठला.

खरं सांगतो, मास्तरांची अशी एकदा जिरावी म्हणून मी पन्नास वर्षं वाट बघितली होती. जिरली, तेव्हा मला त्यांच्याकडं बघवेना.

मग मास्तरच म्हणाले, "चेंगो आईशी बोलताना तूच ऐकलं होतंस ना? तूच आला होतास मला सांगायला."

"हो, मास्तर. तेव्हा मी शाळेत नवा शिक्षक लागलो होतो."

"मी काय म्हणालो तुला?"

"शाबास म्हणालात."