निरक्षर गडी

"वरून ओत गं, भांडं लागू देऊ नकोस," संपादकांनी बायकोला सांगितलं.

ठाकूरद्वारच्या त्यांच्या घरात, चपला काढतात तिथं, मी ओंजळ धरून बसले होते. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन वर्ष झालं होतं. आदल्याच दिवशी हे गृहस्थ संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत घसा ताणून सांगत होते, मराठी माणसात उच्चनीच नाही. मीही टाळ्या वाजवल्या होत्या. आता पाणी प्यायले. गरज माझी होती.

दादा गोव्यात पोर्तुगिजांच्या तुरुंगात होता. सत्याग्रहींच्या बातम्या आणायला यांच्याच वर्तमानपत्रानं त्याला धाडलं होतं. बातम्या दादाच्या. छापल्या संपादकांच्या पुतण्याच्या नावानं. पकडला गेला दादा.

आता कैद्यांची अदलाबदल ठरत होती. त्यांचे काही आपण सोडायचे, आपले काही त्यांनी. दोन्ही सरकारं एकमेकांशी बोलत नव्हती, म्हणून तिसऱ्या एका देशाचा राजदूत निरोप नेत-आणत होता. यादीत पत्रकाराला जागा होती. फक्त वर्तमानपत्राचं पत्र हवं होतं, की हा आमचा बातमीदार. त्या पत्रासाठी गिरणीत खाडा करून मी तिसऱ्यांदा आले होते.

संपादकांनी कागद पुढं केला. सोबत शाईचं पॅड.

"घरच्यांची कबुलीही लागते. अंगठा कर इथं."

"वाचू द्या की, साहेब."

"तुला काय कळणार त्यातलं? भाऊ सुटेल, एवढं कळतं ना?"

मी सातवी झालेली. वाचलं. 'सदर इसम आमच्या कार्यालयातील निरक्षर गडी असून सामान वाहण्याकरिता गेला होता. लिखाणाशी त्याचा संबंध नाही. दया व्हावी.'

निरक्षर! ज्यानं माझा हात धरून मला अक्षरं गिरवायला शिकवलं, तो.

"हे खोटं आहे."

"खरं लिहिलं तर तिथंच कुजेल. आणि पत्रकार म्हणे! तुमच्यातला कधी कोण पत्रकार झालाय?"

मी उठले. उंबरा ओलांडून आत गेले. बाई ओरडल्या. टेबलावरचा टाक उचलून कागदाखाली लिहिलं, 'वरील मजकूर खोटा आहे. माझा भाऊ पत्रकार आहे.' पुढं माझं पूर्ण नाव. अक्षर स्वच्छ वाचता येत होतं.

त्यांनी कागद टराटरा फाडला.

महिन्यानं माणसं सुटली. स्टेशनवर हार पडले. मी शेवटचा माणूस उतरेपर्यंत उभी होते. दादा नव्हता.

परळच्या खोलीत आई भिंतीकडं तोंड करून पडली. "एवढा जड झाला तुला अंगठा, पोरी?" म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी बोलत नाही. कदाचित दादा खरंच सुटला असता. हे मला जेवताना आठवतं, गिरणीत साच्यावर आठवतं.

दादाच्या बातम्यांचे कच्चे कागद ट्रंकेत सापडले. त्याच्या हातचे. मी त्यांच्या नकला करते, छापलेली कात्रणं जोडते, आणि दिल्लीला धाडते, त्या तिसऱ्या देशाच्या वकिलातीला धाडते. उत्तर येत नाही. पुन्हा धाडते.

दुसरी यादी होतेय, असं ऐकते. संपादकांचा निरोपही आला, तोच मजकूर घेऊन.

मी नाही म्हणून कळवलं. दादा अजून आत आहे. जिवंत आहे की नाही तेही कुणी सांगत नाही. पण त्याला गडी ठरवून मी बाहेर काढणार नाही.